तेरावी तार

बोलायची वेळ आली की उस्ताज बहगत यांच्या घशाला कोरड पडे, पण पत्राला उत्तर द्यायला ते कधी चुकले नव्हते. नगरपालिकेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात छत्तीस वर्षं गेली. त्या काळात आलेल्या प्रत्येक पत्राला त्यांनी त्याच दिवशी उत्तर धाडलं, आणि निवृत्तीनंतरही तोच शिरस्ता ठेवला. म्हणूनच एकोणीस दिवस शब्दकोशात दाबून ठेवलेलं हे एक पत्र त्यांना झोपू देत नव्हतं.

पत्र वरच्या मजल्यावरच्या हातिमचं होतं. सक्तीच्या लष्करी सेवेत तो सीमेवरच्या वाळवंटात पडला होता. तिथे फोन काढून घेत, म्हणून कागदावर लिहिलेलं.

"अम्मो बहगत," काकांना म्हणतात तसं त्याने लिहिलं होतं, "बाबा कळवतात की माझ्या बहिणीला, मायसाला, जिन्नाने धरलं आहे. आत्या कळवते की शेख मितवल्ली तिला बरं करणार. मायसाची स्वतःची एक ओळही नाही. तिला खरंच काही झालंय का? तुम्ही जे लिहाल ते मी खरं मानेन."

त्या शेवटच्या वाक्यानेच घात केला होता. कुणी आपल्या शब्दावर इतका भार टाकला की बहगत यांना स्वतःचे शब्द खोटे वाटू लागत. शिवाय 'काही झालेलं नाही' असं लिहायचं, तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याचं काय करायचं?

पाहिलं होतं ते असं.

गुरुवारची दुपार कलली होती. अलेक्झांड्रियातल्या इब्राहिमिया भागातली ती सहा मजली इमारत. तिचा जिना खालपासून वरपर्यंत माणसांनी भरला होता. कुणी घरून स्टूल आणलं होतं, कुणी भोपळ्याच्या खारवलेल्या बिया सोलत होतं. चौथ्या मजल्यावर बंदरातल्या जकात कचेरीत काम करणाऱ्या सब्री एफेंदींच्या घराचं दार सताड उघडं होतं, आणि बैठकीच्या मधोमध शेख मितवल्ली उभे होते. पायघोळ, पांढरी स्वच्छ गलाबिया, दाढीला अत्तर, हातात ऑलिव्हची छडी.

"लोकहो, मी काही करत नाही!" शेख म्हणाले. "मी नुसता नळ, पाणी वरचं! पूर्वी जिन्न कुठे राहायचे? पडक्या हमामखान्यात, आटलेल्या विहिरीत. तुम्ही हमामखाने पाडलेत, विहिरी बुजवल्यात. मग बिचारे जाणार कुठे? तारेत शिरले! तार तांब्याची, जिन्न आगीचा. लोण्यात सुरी जाते तसा सर्रकन जातो!"

"सुब्हानल्लाह!" जिन्यावरून आवाज आला.

खुर्चीवर सब्री एफेंदींची मुलगी मायसा बसली होती. वीस वर्षांची, संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. शेखांनी डोळे मिटले, आवाज बारीक केला आणि ते तिच्यातल्या जिन्नाच्या वतीने बोलू लागले, "मला मामेभावाशी लग्न करायचं नाही. तो हसला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं." मग डोळे उघडून म्हणाले, "बोल मुली. हे तू कुणाला सांगितलं होतंस?"

मायसाचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणालाच नाही."

"ऐकलंत? कुणालाच नाही!"

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून घरघर ऐकू आली. मायसाच्या आत्याचा, हाज्जा दौलत यांचा प्रिंटर आपणहून सुरू झाला होता. त्यातून एक कागद बाहेर आला. त्यावर ठळक अक्षरांत तीनच शब्द होते. ती माझी आहे.

बायकांनी किंकाळी फोडली. हाज्जांनी कागद हातात धरला तो असा, जसं काही तो पेटलेलाच आहे.

शेखांनी तिथल्या तिथे उपाय सांगितला. इमारतीतल्या बाराही घरांचे संगणक दिवसभर चालू ठेवायचे. "जिन्न काचेत रमला की पोरीच्या अंगात येत नाही. मशीन बंद केलंत आणि काही झालं, तर माझ्याकडे बोट दाखवायचं नाही!"

अकरा घरांत त्या दिवसांत काही ना काही घडलं. कुणाच्या संगणकातून कण्हण्याचा आवाज आला, कुणाच्या पडद्यावर डोळे दिसले. एकट्या बहगत यांच्याकडे काहीच झालं नाही. हे कुणीतरी शेखांना विचारलंच.

"त्या घरात जिन्न जायचा नाही," शेख म्हणाले. "तिथे पुस्तकांचा कुबट वास! जिन्नालाही जीव असतो, बाबांनो!"

अख्खा जिना हसला. बहगतही हसले, सभ्यपणाने.

*

मंगळवारी सकाळी मायसा त्यांच्याकडे आली. लोखंडी डब्यात मोलोखियाची पालेभाजी होती. आत्याने पाठवल्याचं निमित्त. डबा ठेवताना तिची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत छडीचे वळ होते.

"हे..." बहगत म्हणाले.

"मला नाही मारलं, अम्मो. 'त्याला' मारलं. असं म्हणतात." ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यात अडकलं. "परवा गुरुवारी मला शेखांच्या वाडीवर नेणार आहेत. वाळवंटी रस्त्याला. चाळीस दिवस. बाबांनी गाडी सांगितलीय."

"चाळीस दिवस? आणि कॉलेज?"

"तिथून परत आलेली एक मुलगी मी बघितलीय, अम्मो. आमच्याच कॉलेजची. ती अजून बोलत नाही. बडीशेपेचे दाणे एकेक करून मोजत बसते." तिने डब्याचं झाकण उगाच पुन्हा लावलं. "खरं सांगू? मलाच आता वाटायला लागलंय की आत कुणीतरी आहे. मामेभावाबद्दलचं ते मी माझ्या संगणकावर लिहिलं होतं. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. शेख तर शब्दन् शब्द बोलले."

"तारेतून... बाहेरून कुणी..."

"ते मी आधी बघितलं. सगळ्या इमारतीचा राउटर खाली रगबच्या दुकानात आहे. त्याची फायरवॉल मी तपासली, बाहेरून तपासली. एकही फट नाही. बाहेरचं कुणी आत येऊच शकत नाही." तिचा आवाज खाली गेला. "म्हणून तर घाबरले."

ती गेल्यावर बहगत यांनी तिचं बोलणं पुन्हा जुळवून पाहिलं. मुलीचं तर्कशास्त्र चोख होतं. भिंत शाबूत आहे, बाहेरून कुणी आलेलं नाही, म्हणजे जो कुणी आहे तो आतलाच. फक्त 'आत' म्हणजे कुठे, हा एक प्रश्न तिने विचारला नव्हता.

इमारतीचं इंटरनेट हा एक सामुदायिक कारभार होता. जोडणी एकच, रगबच्या नावावर. तळमजल्यावरच्या त्याच्या दुकानातून बारा तारा निघत, मधल्या उजेडाच्या पोकळीतून वर चढत आणि एकेका स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरात शिरत. रगब इंजिनियर नव्हता. पण ज्याच्या हातात पक्कड, त्याला त्या गल्लीत 'बाश-मुहंदिस' म्हणत. जोडणी देताना त्याने प्रत्येक संगणकावर स्वतःच्या हाताने क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली होती, दोनपासून तेरापर्यंत; एक हा राउटरचा. आणि प्रत्येक घरी एकच भाषण दिलं होतं. "राउटर हाच तुमचा पहारेकरी. संगणकातली फायरवॉल निव्वळ लुडबुड. दोन पहारेकरी ठेवलेत की ते आपसात भांडतात. मी बंद करून देतो." लोकांनी आनंदाने बंद करू दिली, कारण ती चालू असली की शेजाऱ्याकडचा सिनेमा आपल्याकडे घेता येत नसे.

बहगत यांनी मात्र चिठ्ठीपलीकडे आपल्या यंत्राला हात लावू दिला नव्हता. धोरण वगैरे काही नव्हतं, परका माणूस टेबलाशी येऊन बसला की त्यांना घाम फुटे एवढंच. त्यांनी माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून सगळं स्वतःच जुळवलं होतं. "उस्ताज चहासुद्धा पुस्तक वाचून करतात," असं रगबने जिनाभर करून टाकलं होतं.

त्यामुळे त्यांच्या फायरवॉलची खिडकी अधूनमधून पडद्यावर उगवे. अमुक क्रमांक आत येऊ इच्छितो. येऊ द्यावं का? बहगत स्वभावानुसार दचकत आणि 'नाही' दाबत. आपल्याच हातून काही बिघडलं असावं अशी त्यांची दरवेळी खात्री असे.

आज त्यांनी प्रथमच त्या नकारांची वही उघडली. फायरवॉल अशी वही ठेवते हे पुस्तिकेच्या त्रेसष्टाव्या पानावर होतं. तारीख, वेळ, क्रमांक. छत्तीस वर्षं नोंदवह्या वाचलेल्या डोळ्यांना त्यात गाणं ऐकू यावं तसा ताल दिसला. क्रमांक चाळीस, मंगळवार. क्रमांक चाळीस, बुधवार. पुन्हा मंगळवार, पुन्हा बुधवार. शेख गुरुवारी बोलत; चाळीस क्रमांक आदल्या दोन दिवसांत दारं ठोठावत फिरत असे.

आणि रगबच्या चिठ्ठ्या तर तेरावर संपत होत्या.

मग चाळीस कोण?

बहगत उठले, येरझाऱ्या घातल्या, पुन्हा बसले. एखादं निरुपद्रवी यंत्र असेल. आपण म्हातारे, अडाणी, काहीतरी उलटंसुलटं वाचत असू. एका नोंदवहीच्या आधारावर माणसावर आरोप करायचा? आणि तोही एवढ्या लोकांसमोर?

आरोप करणं जमणार नव्हतं. पण ग्रंथालयातली एक युक्ती त्यांना ठाऊक होती. मागे एकदा त्यांची पुस्तकसूची कुणीतरी चोरून छापत असल्याचा संशय होता. तेव्हा बहगत यांनी सूचीत एक असं पुस्तक घातलं, जे जगात कुणी लिहिलेलंच नव्हतं. चार महिन्यांत ते पुस्तक चोराच्या सूचीत अवतरलं.

त्या दुपारी त्यांनी संगणकावर एक पान लिहिलं आणि त्याला नाव दिलं, 'अत्यंत खासगी'. त्यात अनीस नावाचा एक जुळा भाऊ होता. अनीस सात वर्षांचा असताना अन्फुशीच्या खडकांवरून समुद्रात पडला. बहगत यांनी त्याचा हात धरला होता आणि भीतीने सोडला. त्याच्या पायात एकच चप्पल होती, निळी. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

लिहून झालं तेव्हा त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. मग त्यांनी पान कागदावर छापलं, लिफाफ्यात घातलं, लिफाफा चिकटवून त्यावर आडवी सही केली आणि खाली दरवाजाशी बसणाऱ्या अम्म इद्रिसच्या हाती दिला. अम्म इद्रिस हा इमारतीचा राखणदार, म्हणजे बव्वाब. त्याला वाचता येत नसे.

"गुरुवारपर्यंत ठेव. मागितला तरच द्यायचा."

"मृत्युपत्र आहे का, उस्ताज?" इद्रिसने काळजीने विचारलं.

"नाही, नाही. जन्मपत्र."

वर येऊन त्यांनी आपली फायरवॉल बंद केली. आयुष्यात प्रथमच दार उघडं टाकून झोपल्यासारखं त्यांना वाटलं. बुधवारी संध्याकाळी त्यांनी ती पुन्हा चालू केली. कुणी येऊन गेलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

*

गुरुवारी गाडी साडेचारलाच येऊन थांबली. ती निळी मायक्रोबस खाली हॉर्न वाजवत होती. वर बैठकीत हाज्जा दौलत यांनी मायसाचे कपडे एका चादरीत बांधले होते. सब्री एफेंदी भिंतीकडे तोंड करून उभे होते. गेल्या महिन्याभरात हा माणूस दहा वर्षांनी वाकला होता. रगब कानावर पेन्सिल खोचून दाराला टेकला होता. जिना नेहमीसारखा भरलेला.

बहगत यांनी शेखांचा शब्दन् शब्द कान देऊन ऐकला. दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाचं लपवलेलं आजारपण निघालं, पाचव्यावरच्या कुणाचं गुपचूप लिहिलेलं प्रेमपत्र निघालं. अनीसचं नाव नाही. समुद्र नाही, चप्पल नाही. पाऊण तास गेला.

'म्हणजे मीच चुकलो,' बहगत यांनी मनाशी म्हटलं. त्यात थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या वाटण्याची त्यांना शरम वाटली.

"चला," शेख म्हणाले. "उन्हं उतरायच्या आत वाडी गाठायची आहे. ऊठ, मुली."

मायसा उठली. ती रडत नव्हती. तिने एकवार सगळ्यांकडे पाहिलं, बोटीत चढणारं माणूस धक्क्यावरच्या लोकांकडे बघतं तसं. तिची नजर बहगत यांच्यावर क्षणभर थांबली आणि काही न मागता पुढे सरकली.

"शेखसाहेब," बहगत म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही.

"शेखसाहेब!"

आता अख्खा जिना वळला. कुणीतरी म्हणालं, "अरे, उस्ताज बोलले! हाही चमत्कारच!"

"मी... म्हणजे... माझ्याबद्दल त्याला काही ठाऊक आहे का? जिन्नाला? माझं असं एक... जे मी कुणाला सांगितलेलं नाही."

शेख थबकले. भुवया उंचावल्या. जाता जाता आयतं ताट समोर आलं, ते सोडवेना. त्यांनी छडी जमिनीला टेकली, डोळे मिटले, आणि लहान मुलाच्या आवाजात बोलू लागले.

"बहगत... भाऊ... पाणी फार गार आहे..."

जिन्यावर बिया सोलणारे हात थांबले.

"मी अनीस. तू माझा हात सोडलास. अन्फुशीच्या खडकांवर. माझी निळी चप्पल... एकच राहिली..."

कुणीतरी हुंदका दिला. एका म्हाताऱ्याने बहगत यांच्या पाठीवर हात ठेवला. शेखांनी डोळे उघडले, त्यांत खरोखर पाणी होतं. "त्याने तुला माफ केलंय, उस्ताज. रड. मोकळा हो."

बहगत रडले नाहीत. ते हाज्जा दौलत यांच्याकडे बघत होते. हाज्जांच्या हातातलं गाठोडं हळूहळू खाली आलं होतं.

"कोण अनीस?" हाज्जा म्हणाल्या. "बहगतच्या आईच्या, इकबालच्या बाळंतपणाला माझी आई होती. याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. आमच्या घरात ती गोष्ट कितीदा तरी सांगितली जायची. एकच पोरगा, तोही सातव्या महिन्यात. त्यानंतर इकबालला मूलच झालं नाही. जुळा कुठला?"

"जुळा नव्हता," बहगत म्हणाले. "मी मंगळवारी दुपारी बनवला."

"म्हणजे?"

"अनीस नावाचं कुणी नाही. मी... रचला. संगणकावर. शेखसाहेब तिथून वाचून आले."

मग शेख मोठ्याने हसले, अगदी मोकळेपणाने. "बघा! बघा लोकहो, किती लबाड आहे हा जिन्न! माझ्याशी खोटं बोलला! जिन्न खोटं बोलतात हे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच या पोरीला इथे एक क्षणही ठेवायचं नाही. गाडीत बसवा!"

आणि माना हलल्या. बहगत यांनी त्या हलताना पाहिल्या. खरंच की, जिन्न खोटं बोलतात. सब्री एफेंदींनी मुलीचा दंड धरला. खाली हॉर्न वाजला.

"अम्म इद्रिस!" बहगत ओरडले. आपण ओरडू शकतो हे त्यांना त्या वेळी कळलं. "लिफाफा!"

इद्रिस धापा टाकत जिना चढून आला. लिफाफा त्याने गलाबियाच्या आत छातीशी ठेवला होता. सही अखंड होती. बहगत यांनी तो मायसाच्या हाती दिला. "तू वाच. मोठ्याने."

मायसाने फोडला आणि वाचला. पाणी गार होतं. हात सोडला. अन्फुशीचे खडक. निळी चप्पल, एकच. तिचा आवाज पहिल्या ओळीला कापत होता. शेवटच्या ओळीला तो कापत नव्हता.

"जिन्न खोटं बोलत असेल," बहगत म्हणाले, "पण माझंच खोटं, माझ्याच शब्दांत, चपलेच्या रंगासकट? आणि मी दार उघडं टाकलं तेव्हाच? इतके आठवडे माझ्या घरात तो आला नाही, ते पुस्तकांच्या वासामुळे नाही. माझ्या संगणकावर फायरवॉल आहे. ती त्याला बाहेर ठेवते आणि त्याची नोंद करते. हे बघा. क्रमांक चाळीस. तुमच्यापैकी कुणाच्या चिठ्ठीवर चाळीस आहे?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. "माझा पाच." "आमचा नऊ." "हाज्जा, तुमचा?" "अकरा." चाळीस कुणाचाच नव्हता.

दाराला टेकलेला रगब सरळ झाला. "असं काही नसतं, उस्ताज. तांत्रिक बाब आहे. तुम्हाला नाही कळायची."

"मग तारा मोजू," मायसा म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली, खिडकी उघडली आणि वाकली. मागोमाग दहाबारा डोकी वाकली. पोकळीतून काळ्या तारा वर चढत होत्या. ती एकेक बोटाने मोजत गेली. दहा, अकरा, बारा. बारा घरं, बारा तारा.

"तेरा," मायसा म्हणाली.

तेरावी तार कुठल्याच खिडकीत शिरत नव्हती. ती सरळ वर गेली होती.

"गच्चीवर? ती डिश अँटेनाची," इद्रिस गोंधळून म्हणाला. "बाश-मुहंदिसनेच सांगितलं मला. शेखांचा भाचा राहतो ना वरच्या खोलीत, त्याला बातम्या बघायच्या असतात."

"शेखांचा भाचा?" सब्री एफेंदींनी मुलीचा दंड सोडला. "आपल्या गच्चीवर?"

"थांबा, मी बघून येतो," रगब म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

"नाही," मायसा म्हणाली. "माझ्या आत कोण राहतं, ते मलाच बघू द्या."

ती पुढे, मागे सब्री एफेंदी, त्यांच्या मागे अख्खी इमारत. बहगत सगळ्यांत शेवटी. ते गच्चीवर पोचले तेव्हा कबुतरांच्या खुराड्याशेजारच्या खोलीचं दार उघडलेलं होतं. आत सतरंजीवर एक तिशीतला माणूस, पुढ्यात अर्धा प्यालेला चहा, मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी एक शाळकरी वही. वहीत बाराही घरांची नावं होती, प्रत्येकापुढे त्या घराची गुपितं. मायसाच्या नावापुढे तीन पानं. बहगत यांच्यापुढे एकच ओळ, कालच्या तारखेची. 'भाऊ बुडाला, निळी चप्पल.'

लॅपटॉपच्या कोपऱ्यावर, रगबच्या हस्ताक्षरात, नेहमीच्या नेटकेपणाने चिठ्ठी चिकटवलेली होती. चाळीस.

मायसाने वहीतली आपली पानं वाचली. मग तिने पडद्यावरच्या यादीत हाज्जांच्या प्रिंटरवर बोट टेकवलं आणि एक कळ दाबली. चौथ्या मजल्यावरून, उघड्या खिडकीतून, घरघर ऐकू आली. हाज्जा दौलत कठड्याला धरून मटकन खाली बसल्या.

"हे एवढंच?" त्या म्हणाल्या. "मी याला घाबरून पोरीला मीठपाणी पाजलं? मी तिचे हात धरले, तो मारत असताना?"

मायसा त्यांच्याजवळ बसली नाही, पण दूरही गेली नाही.

शेख तोवर जिन्यावरून नाहीसे झाले होते, पण इद्रिसने खालचं फाटक लावून घेतलं होतं. पोलीस येईपर्यंत ते त्याच्याच बाकावर बसून राहिले, छडी गुडघ्यांवर आडवी ठेवून; शेजारी रगब आणि भाचा. मायक्रोबसच्या चालकाने वर मान करून विचारलं, "प्रवासी येणार आहे की नाही?" सब्री एफेंदींनी नुसता हात हलवला, आणि गाडी गेली.

मग गच्चीवर प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. राउटर बोगस होता का? तो काढून टाकायचा का?

"नाही, नाही," बहगत घाईघाईने म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, म्हणून ते इद्रिसकडे बघून बोलले. "राउटर म्हणजे आपला हा अम्म इद्रिस. दरवाजाशी बसतो, परक्याला हटकतो. तो हवाच. पण इद्रिस खाली आहे म्हणून आपण कुणी आपापल्या घराची दारं बिजागऱ्यांतून काढून ठेवतो का? जो आधीच आत आहे, त्याला इद्रिस काय करणार? तो त्याला सलाम करतो. घराच्या दाराची कडी म्हणजे संगणकातली फायरवॉल. दोघं भांडत नाहीत. एक रस्त्याकडे बघतो, दुसरी जिन्याकडे. अकरा घरांनी एका माणसाच्या सांगण्यावरून अकरा कड्या काढून टाकल्या आणि मग आत कोण आलं म्हणून आपण सगळे आभाळाकडे बघत बसलो."

"पण उस्ताज, जिन्न असतात ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"मला माहीत नाही," बहगत म्हणाले. "मला फार थोडं माहीत आहे. पण त्याला इथे यायला तार लागली, चहा लागला आणि रगबची चिठ्ठी लागली, एवढं मी पाहिलं."

त्या संध्याकाळी मायसा स्वतः घरोघरी गेली आणि बंद असलेली प्रत्येक फायरवॉल चालू करून आली. रगबने अकरा संगणकांत 'मदतीसाठी' म्हणून घातलेला एक प्रोग्राम होता. कण्हण्याचा आवाज आणि ते डोळे त्यातूनच येत. तो तिने पुसून टाकला. अकरा घरांनी तिला चहा दिला. बाराव्या घरात, तिच्या स्वतःच्या, आत्याने दार उघडलं आणि बाजूला झाली.

*

बहगत यांनी कागद पुढे ओढला. पहिलं पत्र लांबलं, फाडलं. दुसऱ्यात स्वतःची बढाई डोकावली असं वाटलं, फाडलं. तिसरं असं झालं.

"प्रिय हातिम, तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही, त्याबद्दल क्षमा कर. कामात नव्हतो, भीत होतो. तू विचारलंस, मायसाला काही झालंय का. तिच्या हातांवर वळ आहेत. तिच्या आत कुणी नाही. तिचं लिखाण गच्चीवरचा एक माणूस तारेतून वाचत होता आणि शेख ते तिलाच ऐकवत होते. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. तुझे वडील वाईट नाहीत, आत्याही नाही. त्यांना एक गोष्ट समजली नाही, आणि जे समजत नाही त्याला त्यांनी घाईने नाव देऊन टाकलं. मीही तेच केलं, फक्त गप्प राहून. तुझ्याकडे एक मागणं आहे. तू लिहिलंस की मी जे लिहीन ते तू खरं मानशील. असं करू नकोस, माझ्याही बाबतीत नको. कुणी अशक्य गोष्ट करून दाखवली तर गुडघे टेकण्याआधी विचार, हे याला कळलं कसं, कुठून, कुठल्या वाटेने. मग जाऊन ती वाट शोध. रजा मिळाली की ये आणि तारा स्वतः मोज. बारा आहेत. तुझा, बहगत."

शनिवारी सकाळी ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी उभे राहिले. पत्ता दोनदा वाचला, तुकडीचा क्रमांक तिसऱ्यांदा वाचला. 'टाळ्या वाजवत होतो' हे जरा कठोर झालं का? बढाई तर नाही ना राहिली कुठे?

मागे एक बाई हातात पाकीट घेऊन थांबली होती. "टाकताय ना, हाजी?" ती म्हणाली. "मला मुलांना शिकवणीला सोडायचंय."

"हो, हो, माफ करा," उस्ताज बहगत म्हणाले, आणि त्यांनी पत्र पेटीत टाकलं.